निवेदन मागे घेतो, डॉक्टरसाहेब

डॉक्टरसाहेबांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या केबिनमध्ये आणून दिलं असतं, तर तुम्ही ते 'अभिप्राय' लिहिलेल्या फायलीत लावून टाकलं असतं. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितो. तसंही तुमच्याविरुद्ध जे लिहिलं होतं ते चार गावांत फिरवून, सह्या घेऊन लिहिलं होतं. आभार तेवढे गुपचूप मानायचे, हे काही बरं दिसत नाही.

तुम्ही दवाखान्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी झालात त्या उन्हाळ्यात दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टकडे एक निवेदन आलं होतं. 'आमचे डॉक्टर आम्हाला परत द्या.' खाली ११२ सह्या, त्यात काही अंगठे. तो मजकूर माझा. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर मीच टाइप केला आणि शाईचा पॅडही मीच घेऊन फिरलो.

राग बाबांमुळे होता. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्याच हंगामात बाबांनाही वावरातून उचलून आणलं होतं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. तुम्ही ॲट्रोपिन, त्या विषावरचं औषध, सुरू केलं आणि रात्रभर येऊन येऊन छाती ऐकत राहिलात. पहाटे बाबा बरळायला लागले आणि दोन्ही हातांनी हवेतला कापूस वेचायला लागले. वेचायचे आणि कमरेच्या ओटीत टाकायचे. आईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तुम्ही म्हणालात, "औषधामुळे आहे ते, उतरेल. वेचू द्या, छाती मोकळी झाली."

असा डॉक्टर खुर्चीवर जाऊन बसला, तर गावाला काय वाटणार? पारावर एकच चर्चा. "आता काय बाप्पा, साहेब झाला तो. नाडी सोडून सह्या करते." एमडी झालेल्या माणसाने टेंडर वाचत बसावं, हे मलाही शिक्षणाची नासाडी वाटायचं. ट्रस्टने निवेदनावर पोच दिली, बाकी काही नाही. तुम्ही गुरुवारची ओपीडी मात्र चालू ठेवलीत. त्या दिवशी बाजार असतो, तुमचा नंबर लागता लागता दुपार होते.

मग गेल्या वर्षीचा पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणून पोराने लाकडी बैल रंगवून, झूल शिवून उशाशी ठेवला होता. घरात पाहुणे, खाटा कमी, तो खाली सतरंजीवर झोपला. रात्री दोनच्या सुमारास उठला, पोट दुखतंय म्हणाला. पुरणपोळ्या जास्त झाल्या असतील म्हणून बायकोने ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. झोप नव्हती ती, त्याला डोळे उघडताच येत नव्हते. अंगावर दात नाही, सूज नाही, काही नाही. शेजाऱ्याचा पिकअप काढला. ३१ किलोमीटर. रस्त्यात तो बोबडा बोलायला लागला.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती, सेवाग्रामला शिकलेली. तिने तीनच गोष्टी विचारल्या. खाली झोपला होता का? पोट दुखलं का? पापण्या कधीपासून? आणि म्हणाली, मण्यार असेल. तिचा दात बारीक, झोपेत चावलेलं कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना एकच लस चालते, साप मारून आणायची गरज नाही, हे ती सलाइनमध्ये बाटल्या मिसळतानाच सांगत होती. दहा बाटल्या. मी खिशातून पैसे काढून काउंटर शोधत होतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात आत्याला दारात थांबवून आधी डिपॉझिट भरायला लावलं होतं, ते डोक्यात होतं. सिस्टर म्हणाली, "काका, पावती सकाळी. तुम्ही फक्त त्याचं डोकं धरा."

उजाडायच्या आत त्याचा श्वास मंदावला आणि नळी घालावी लागली. लस अंगात फिरणारं विष मारते, पण नसांचं आधीच झालेलं नुकसान तिला लगेच भरून काढता येत नाही, तोवर श्वास मशीननेच घ्यायचा, असं तिने समजावलं. तो सहा दिवस मशीनवर होता.

तुम्ही त्या रात्री नागपूरला होता. तिसऱ्या दिवशी आलात. मी धावत पुढे झालो, तर तुम्ही पोराकडे न जाता आधी कॅज्युअल्टीतल्या लोखंडी कपाटाकडे गेलात. चष्मा कपाळावर ढकलून दाराला चिकटवलेला कागद वाचलात, मग पेनाच्या टोकाने एक-एक बाटली मोजलीत. "चाळीस पाहिजेत, तीस आहेत. बाकीच्या कधी येणार?" खरं सांगतो, तेव्हा मनात शिवी आली. माझं पोरगं आत मशीनवर, आणि हा माणूस बाटल्या मोजतो!

दवाखान्यात नऊ दिवस काढले. वाट बघणाऱ्याला वाचायला काही नसतं, म्हणून मी तो कागदच वाचायचो. औषधाचं नाव, कमीत कमी किती हवं, संपायची तारीख, सकाळी आठची सही, रात्री आठची सही. एकही खाना रिकामा नाही. मग सिस्टरला विचारत गेलो. मृगाच्या आधी लस भरून ठेवायची, हे तुम्ही ठरवलंत. रात्री पावतीसाठी उपचार अडवायचा नाही, हा तुमचा लेखी आदेश. वीज गेली तर मशीन किती वेळ चालेल, हे महिन्यातून एकदा स्वतः मेन स्विच पाडून बघता म्हणे. व्हेंटिलेटर चालवायला चार सिस्टर्सना तुम्ही नागपूरला पाठवून शिकवून आणलंत. त्यातलीच एक त्या रात्री ड्यूटीवर होती.

बाबांच्या वेळी तुम्ही जागलात, म्हणून ते वाचले. पोराच्या वेळी तुम्ही हजरही नव्हता. मी निवेदनात मागितलं होतं तसं झालं असतं, तर ते कपाट कोणी मोजलं असतं, हे मी रात्री झोप लागत नसली की अजून स्वतःला विचारतो.

बिलाचंही सांगतो, कारण लोकांना माहीत नसतं. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, अशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना आहे. तुमच्याकडे तो फलक दारातच आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मला कोणाची चिठ्ठी आणावी लागली नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवलं, झालं.

एक तक्रार मात्र राहू द्या. ओपीडीतले नवे डॉक्टर वर्षभरात बदलतात. ओळख होईपर्यंत निघून जातात, म्हाताऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. त्याचंही काही बघा.

पोरगं ठीक आहे. लाकडी बैल त्याने आयसीयूच्या सिस्टरना देऊन टाकला, तो त्यांच्या टेबलावर असतो. माझ्यापुरतं ते निवेदन मी मागे घेतो. उरलेल्या १११ जणांपैकी बाबांना मात्र अजून पटलेलं नाही. कपाट-बिपाट ठीक आहे, पण नाडी तुम्हीच धरायची, असं त्यांचं म्हणणं. येत्या गुरुवारी घेऊन येतो. नंबर सकाळीच लावतो.

तुमचा,
निवेदनवाला