बाबांचं ज्येष्ठमध आणि माझा घसा

आई,

काल फोनवर माझा आवाज ऐकून घाबरलीस ना, म्हणून आज लिहूनच पाठवतेय, बोलायला लागले की परत खोकल्याची उबळ येते. आधी सांगते, बरी आहे. ताप दोनच दिवस होता, घसा मात्र असा धरलेला की थुंकी गिळताना डोळ्यातून पाणी यायचं.

डॉक्टरकडे गेले होते. तिने बॅटरी मारून घसा बघितला, मान चाचपली आणि म्हणाली व्हायरल आहे, गरम चहा प्या आणि झोपा. झालं! अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही, काही नाही. तीन दिवसांची सुट्टी लिहून दिली आणि एका हिरव्या कागदावर थाइम नावाच्या इथल्या वनस्पतीचं सिरप. हिरवा कागद म्हणजे नुसता सल्ला, पैसे आपल्या खिशातून, कारण सर्दीखोकल्याची असली औषधं मोठ्या माणसांना इथला, जर्मनीतला सरकारी विमा २००४ पासून देतच नाही. सांगलीत डॉक्टरांनी एवढ्यावर घरी पाठवलं असतं तर बाबांनी डॉक्टरच बदलला असता.

तर ते सिरप उघडलं आणि काय सांगू, ओवा! अगदी आजी तव्यावर पुरचुंडी गरम करून नाकाशी धरायची ना, तोच वास, स्टुटगार्टच्या किचनमधे. नंतर वाचलं तर थाइममधे आणि ओव्यात एकच द्रव्य असतं, थायमॉल. आजीला अजून एक सांग, खुश होईल. तिच्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच या लोकांनी ब्रोमहेक्सिन नावाचं कफाचं औषध बनवलं, आपल्याकडेही कफ सिरपच्या बाटलीवर हे नाव असतं बघ. म्हणजे परसातला अडुळसा जर्मनीला जाऊन बाटलीत बसून परत आला.

माझा खोकला जिन्यात ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या आहेत, हातात जॅमची बरणी. आत बारीक चिरलेला कांदा आणि त्यावर मध, रात्रभर ठेवला की पाणी सुटतं ते चमचा चमचा घ्यायचं. वास सहन झाला तर चव इतकी वाईट नाही, खरंच. सेजची सुकी पानंही दिली, एक चमचा पानं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवायची, गाळायची आणि कोमट झालं की गुळण्या. जीभ तुरट होते पण गिळताना जरा बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मात्र कहर केला, क्वार्कचा डबा घेऊन आल्या, म्हणजे आपला चक्काच गं, तो फडक्यावर थापला आणि थंडगार माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. वीस मिनिटं मी हलायचं नाही! मला सगळा वेळ श्रीखंड दिसत होतं. थंडाव्याने ठणका कमी झाला हे मान्य करते, पण परत करणार नाही.

आपला काढा पण चालूच होता, तू दिलेली सुंठ, चार मिरी, लवंग, दालचिनी, दोन ग्लासाचं एक ग्लास. गवती चहा एशियन दुकानात मिळतो पण जाड दांडेच, पाती नसतात, तो वास येत नाही. तुळस तर खिडकीत थंडीने केव्हाच गेली.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. मेडिकलमधे मी ज्येष्ठमधाचा चहा मागितला तर काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, बीपी आहे का? मला नाही, पण मला एकदम बाबाच आठवले. भजनाला आवाज मोकळा राहावा म्हणून दिवसभर गालात ज्येष्ठमधाची कांडी! त्यात ग्लिसरायझिन असतं, ते रोज पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. इथे ज्या चघळायच्या गोड गोळ्यांत ते जास्त असतं त्यांच्या पाकिटावर बीपीवाल्यांनी जास्त खाऊ नये असं छापावंच लागतं. आणि बाबांची तर बीपीची गोळी गणपतीत वाढवली आणि वर लघवीची गोळी पण आहे, त्याने पोटॅशियम अजून कमी होऊ शकतं. कांडीचं त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंय का? नसणारच, त्यांच्या मते ते औषध कुठंय. कांडीमुळेच बीपी वाढलं असं मी म्हणत नाहीये, पण तू या वेळी सोबत जा आणि तूच सांग, पोटॅशियम तपासायचं का तेही विचार. मी बोलले तर म्हणतील जर्मनीत जाऊन फार शहाणी झालीस. तोपर्यंत कांडी लपव. भजनाआधी कोमट पाणी आणि एखादी लवंग बास की.

दुसरं, छकुलीला सर्दी झाली की आजी मध चाटवते ते एक वर्षाची होईपर्यंत अजिबात नको, बोटभरसुद्धा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, आपल्याला काही होत नाही, पण एवढ्याशा बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. मध उकळून घेऊ असं म्हणेल, पण घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. वहिनी बिचारी आजीपुढे बोलणार नाही, तूच बोल. गुटीचंही डॉक्टरांना विचारा.

मला आलेपाक पाठव, सुंठ संपत आलीय आणि हळद पण. हळदीला या वेळी डबल पिशवी कर, मागच्या पार्सलमधे सगळ्या चकल्या पिवळ्या झाल्या होत्या.

तुझी
सोनू