‘संशयित लेप्टो’ लिहिलं असेल तर

न्यू जर्सी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

कणकवलीच्या हॉस्पिटलात तुला बिलिंगच्या टेबलावर घेतलंय, हे आईनं फोनवर सांगितलं. तुझा प्रश्नही पोचला. लावणी करून आलेला माणूस, ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल. डॉक्टरांनी ओपीडीच्या कागदावर ‘संशयित लेप्टो’, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाचा संशय, असं लिहिलंय, रिपोर्ट यायचाय, आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, बिलात लेप्टोचा कोड टाकून मोकळा हो.

टाकू नकोस. हेच काम मी इथे रोज करते, म्हणून हक्कानं सांगते. आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडांची इथली यादी, तिच्यात लेप्टोचा कोड ए२७.९, कारण न कळलेल्या तापाचा आर५०.९. ओपीडीच्या कागदावर ‘संशयित’, ‘बहुधा’ असं असेल तर तो आजार कोड करायचाच नाही, फक्त लक्षणं करायची. हॉस्पिटलात दाखल झालेल्याचं मात्र वेगळं. डिस्चार्जच्या वेळीही निदान ‘बहुधा’ राहिलं, तर तो आजार आहेच असं धरून कोड करतात. नवीन मुलं इथेच अडखळतात. तुमच्याकडे महात्मा फुले योजनेची पॅकेजं आणि त्यांचे कोड निराळे, ते योजनेसाठी हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचार. इथला नियम तिथे जसाच्या तसा चालवू नकोस. पण डॉक्टरांच्या कागदात नाही ते बिलात नाही, हे दोन्हीकडे पाळायचं.

लेप्टोचा कोड एकदा गेला की तो आजार त्या माणसाच्या नावावर चिकटतो. पुढचा डॉक्टर वाचतो, विमावाले वाचतात. आपल्या सिंधुदुर्गात पावसात लेप्टो खरंच होतो रे, माणसं दगावतात. त्याच्या नोंदीत अंदाज मिसळलेले मला सहन होत नाहीत.

अडलं तर डॉक्टरांना विचारायचं, पण कसं तेही शिकून घे. आंब्यावरून पडून मनगट मोडलेला आला आणि हात कुठला ते लिहिलेलं नसेल, तर ‘उजवा ना?’ म्हणायचं नाही. ‘कुठला हात?’ एवढंच, आणि उत्तर त्यांच्याच हातानं कागदावर. इथे उजव्या-डाव्याचे कोडसुद्धा वेगळे आहेत.

साध्या तपासणीला वरच्या दराचा कोड लावणं, याला इथे अपकोडिंग म्हणतात. सरकारी विम्याकडून जाणूनबुजून असे पैसे घेतले तर १८६३चा कायदा लागतो, अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याला फसवणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. नुकसानीच्या तिप्पट भरपाई, वर प्रत्येक खोट्या बिलाचा दंड. चुकून जास्त आलेले पैसेही लक्षात आल्यावर ठेवून घेता येत नाहीत, परत करायला मुदत असते. तुला कोणी ‘वरचा लाव’ म्हटलं तर ते लेखी माग.

आणि पुढच्या वेळी पेशंटच्या कागदाचा फोटो पाठवू नकोस, नाव झाकूनही नको. तक्रार आणि डॉक्टरांनी लिहिलेले शब्द एवढं मला पुरे.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई