सिलिंडर नंबर सारखा बदलतोय? कॉर्निया तपासून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-अकरावीतल्या मुलांचा नंबर वाढला की खापर मोबाइलवर फुटते आणि नवा चष्मा करून दिला जातो. पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. पण सिलिंडर नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे लागणारा नंबर) सहा-आठ महिन्यांत पुन्हा पुन्हा बदलत असेल, त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे अंशांत लिहिलेली दिशा, फिरत असेल आणि नव्या चष्म्यातूनही स्वच्छ दिसत नसेल, तर केराटोकोनसची शंका घ्यायलाच हवी. यात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा याच वयात होते आणि वय जितके लहान, तितका तो वेगाने वाढतो.

शाळेतल्या तपासणीत तो सहज निसटतो. बहुधा एक डोळा जास्त बिघडलेला असतो आणि दुसरा त्याची उणीव झाकतो. स्टेशनवरचा इंडिकेटर मुलाला एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. लाल आकड्यांना खालून फिकट सावलीचे आकडे चिकटलेले दिसतात का, ६ आणि ८ मध्ये गफलत होते का, रात्री गाड्यांच्या दिव्यांना शेपट्या फुटतात का, हे विचारा. उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांना कॉर्नियाच्या टोपोग्राफीबद्दल, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीबद्दल, स्पष्ट विचारा, कारण नुसत्या नंबर तपासणीत सुरुवातीचा केराटोकोनस हुकू शकतो. तपासणी काही मिनिटांची आहे, दुखत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारून घ्या, नाहीतर आकार चुकीचा येतो. रिपोर्टमधले केमॅक्स (कॉर्नियाची सर्वांत जास्त वक्रता) आणि सर्वांत पातळ जागेची जाडी हे दोन आकडे पाहा, रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा. वर्षभरात केमॅक्स १ डायॉप्टरने (वक्रता मोजायचे एकक) वाढणे हे आजार पुढे सरकत असल्याचे लक्षण मानतात. भावंडांचीही तपासणी करावी.

डोळे चोळणे हा या आजाराचा मोठा साथीदार. त्यातही मुठीने, बोटांच्या सांध्यांनी रगडणे सर्वांत वाईट. मुंबईत धूळ आणि बांधकामे चुकत नाहीत, त्यामुळे नुसते 'चोळू नकोस' म्हणून काही होत नाही, खाज थांबवावी लागते. गार पाण्याच्या पट्ट्या, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅलर्जीचे थेंब नियमाने घ्यावेत. केमिस्टकडून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र घालू नयेत. लाली झटकन जाते, पण ते लांबले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

आजार वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार, करतात. मूळ पद्धतीत कॉर्नियावरचा पातळ थर काढून सुमारे ३० मिनिटे रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब आणि मग ३० मिनिटे अतिनील किरण देतात. नव्या पद्धतींत किरणांचा वेळ कमी असतो. मूळ पद्धतीसाठी जाडी किमान ४०० मायक्रॉन लागते, म्हणूनच उशीर महाग पडतो. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. पहिले काही आठवडे आधीपेक्षा धूसर दिसते. ही गोष्ट मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो हादरतो. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत करणे सोयीचे, पण आकडे भराभर वाढत असतील तर सुट्टीची वाट पाहू नये. यातून नंबर जात नाही, आजार थांबवणे एवढाच उद्देश असतो. अठरा पूर्ण झाल्यावर लॅसिक (चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) करू, हा बेतही सोडून द्यावा. लॅसिकने कॉर्निया आणखी पातळ होतो.

आता हे मुलाच्या शब्दांत, आमच्या वयाच्या मुलामुलींसाठी. स्वच्छ दिसायला आरजीपी (कडक, हवा जाऊ देणारी छोटी लेन्स) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लागू शकते. स्क्लेरल लेन्सची वाटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरायची, मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर ठेवायचा आणि लेन्स सरळ वर न्यायची. मान तिरकी झाली की सलाइन सांडते, आत बुडबुडा अडकतो आणि धुरकट दिसते. मग काढून पुन्हा भरायची. लेन्सला नळाचे पाणी कधीही लावू नका, त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्म जिवाने कॉर्नियाला भयंकर संसर्ग होऊ शकतो. लेन्स घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखला किंवा अचानक पांढरट दिसू लागला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शाळांना आणि परीक्षा मंडळाला एक विनंती. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधली अल्पदृष्टीची व्याख्या चांगल्या डोळ्याची, तीही उत्तम चष्मा-लेन्ससह असलेली दृष्टी पाहते. लेन्स घालून ठीक वाचणारी आमच्यासारखी बहुतेक मुले त्यात बसत नाहीत. पण ऐन परीक्षेत डोळा लाल झाला की लेन्स घालता येत नाही आणि चष्म्यातून प्रश्नपत्रिका वाचवत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या त्या दिवसाच्या प्रमाणपत्रावर मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका आणि जादा वेळ मिळावा.

– एक आई आणि तिचा अकरावीतला मुलगा, भांडुप, मुंबई