डिटेक्टरबरोबर डिस्कही मंजूर करा

मा. अणुऊर्जा राज्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो आणि सर्व्हर-स्टोरेजचा धंदा करतो. आमच्या शेजारच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, प्रथिनांच्या स्फटिकांची रचना शोधणारी बीमलाइन (ते किरण जिथे प्रयोगासाठी आणतात ती जागा) आहे. हे पत्र स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांची चित्रं टिपणाऱ्या डिटेक्टरच्या पाठीमागच्या वायरी आणि डिस्कबद्दल आहे.

फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचे कण, मोजणाऱ्या आयगर १६एम जातीच्या डिटेक्टरला सुमारे १.८ कोटी पिक्सेल असतात आणि तो सेकंदाला १३३ चित्रं काढू शकतो. स्फटिक ०.१ अंशाच्या टप्प्यांनी पूर्ण फिरवला की ३,६०० चित्रं, तीही अर्ध्या मिनिटाच्या आत. पिक्सेलमागे दोन बाइट धरले तर हा माल १३० जीबी भरतो. बहुतेक पिक्सेलांत शून्य नाहीतर एखाददुसराच फोटॉन असल्यामुळे बिटशफल-एलझेड४ या डेटा आवळायच्या पद्धतीने तो बराच आवळता येतो. पण आवळलेला डेटाही येईल त्या वेगाने डिस्कवर उतरायला हवा. नाही उतरला तर बफर, म्हणजे मधली तात्पुरती साठवण, तुंबतो आणि चित्रं जातात. तोवर क्ष-किरणांनी स्फटिक पोळलेला असतो. महिनोन्महिने खपून वाढवलेला तो स्फटिक पुन्हा मोजायची सोय नसते.

एका संस्थेत मी पाहिलंय: कोट्यवधींचं उपकरण थाटात आलं, स्टोरेजची फाइल मात्र ‘पुढच्या बजेटात बघू’ म्हणून पडून राहिली. पोरं सॅकमध्ये यूएसबी डिस्क घालून गाडी पकडायची. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. १०० मेगाबिटच्या लाइनवरून एक टेराबाइट पाठवायला बावीस तास लागतात.

म्हणून विनंती अशी की, यापुढे डिटेक्टरच्या प्रस्तावातच जलद एनव्हीएमई डिस्कचा बफर, १०० गिगाबिटची जोडणी आणि प्रक्रियेचे सर्व्हर धरावेत. संशोधक बीमलाइनवर असतानाच डायल्स किंवा एक्सडीएस ही चित्रांवर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर चालवून डेटा कामाचा आहे की नाही हे कळलं, तर पुढचा स्फटिक लावायचा निर्णय तिथल्या तिथे होतो. हे सगळं सांभाळायला कायम नोकरीतला माणूस द्या. कंत्राटावरचा पोरगा काम शिकतो आणि बंगळुरू गाठतो, त्याला दोष तरी काय द्यायचा?

मूळ डेटा किती वर्षं ठेवायचा आणि खुला कधी करायचा, हेही लेखी ठरवा. ग्रेनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनने २०१५ मध्येच तसं धोरण केलं. तिथे साधारण तीन वर्षं डेटा प्रयोग करणाऱ्यापुरता राहतो, मग सर्वांना खुला होतो.

पुढच्या खरेदीची निविदा निघण्याआधी एवढं व्हावं.

आपला,
एक इंदूरकर