बाळूचं काय करायचं

प्रिय आई आणि बाबा,

ताई, आईला डॉक्टरांनी अजून मोबाईल बघायला नको सांगितलाय त्यामुळे तूच वाचून दाखव, आणि मधली मधली वाक्यं गाळू नकोस, मला माहितीये तू गाळतेस. फोनवरच बोलणार होतो पण फोनवर आई "बरं बरं, जेवलास का" करून विषय फिरवते. इकडे चार दिवस पाऊस नुसता ओततोय, लाईट येऊन जाऊन, रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात, तिथेच बसून टाईप करतोय.

तर विषय आपल्या कोंबड्याचा, बाळूचा.

गेल्या बुधवारी सकाळी खुराडं उघडायला गेलो, एका हातात छत्री आणि एका हातात कण्यांचा डबा, पायात स्लीपर. फळी सरकवली तशा कोंबड्या बाहेर आल्या, मागून बाळू आला आणि एक पंख जमिनीला घासत माझ्याभोवती तिरका तिरका चालायला लागला, मानेची पिसं फुललेली. मला वाटलं कोंबड्यांपुढे नाचतो तसा नाचतोय, मी हसलो पण, आणि पाठ केली. पाठ केली तोच धाडकन आला. पायामागचा काटा पोटरीत. जखम दिसायला करंगळीच्या नखाएवढी पण खोल होती. साबण लावून नळाखाली चांगली धुतली आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. आता खपली धरलीये, आई, लगेच सुरू होऊ नकोस.

खरी गंमत पुढे आहे. तिथल्या सिस्टर पायाकडे बघून म्हणतात काय, "तुमच्याकडचाच ना तो कोंबडा? मे महिन्यात तुमची आई पण आलेली."

मे महिन्यात! मला फोनवर करवंदीचा काटा लागला म्हणून सांगितलं होतंस तू. मी पण मूर्ख, करवंदीच्या काट्याला पट्टी कशाला बांधलीये एवढं विचारलं नाही. घरी आलो आणि मग मागीलदारी खुंटीला टांगलेलं जुनं सूप काढून बघितलं. आल्यापासून मी विचार करत होतो की ह्याला मधोमध भोकं कसली, उंदीर तर काठ कुरतडतात. वरच्या घरातल्या वहिनीने सांगितलं की शिमग्यापासून तू ते सूप ढालीसारखं पुढे धरून अंडी काढायला जातेस. बाबांना कळलं तर बाळू दुपारी टोपात जाईल म्हणून कुणाला बोलली नाहीस. आणि बाबा, तुम्ही हसू नका, काठी घेऊन परसात जाता ते गुडघ्यासाठी नाही हे पण वहिनीनेच सांगितलं. दोघं एकाच कोंबड्याला घाबरून एकाच घरात राहताय आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलेलं नाही. धन्य आहे.

आता आई, तुला राग येईल पण हा असा झालाय तो तुझ्या मांडीमुळे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईला मुंगसाने नेली आणि हा एकटा उरला, तू त्याला खोक्यात बल्बखाली ठेवलास, मांडीवर घेऊन कण्या भरवल्यास. केलंस ते बरोबरच केलंस, नाहीतर जगला नसता. पण कळपात वाढणारा कोंबडा मोठ्या कोंबड्यांच्या टोची खात खात आपली पायरी शिकतो आणि माणसाला थोडा बिचकून असतो. बाळूला दोन्ही मिळालं नाही. त्याच्या हिशोबाने आपण पण कळपातलेच, फक्त उंच. सात-आठ महिन्यांचा झाला, अंगात मस्ती आली, शिमग्याच्या सुमाराला त्याने पहिल्यांदा तुला अजमावून बघितलं आणि तू मागे सरलीस. त्याच्यासाठी तेवढं पुरे.

मी सुरुवातीला सगळं उलटंच केलं ते पण सांगतो. दुसऱ्या दिवशी लाथ मारली. कोंबड्याला लाथ म्हणजे आमंत्रण, तो दुप्पट जोराने आला, शिवाय कुठे लागली असती तर तंगडी मोडली असती बिचाऱ्याची. तिसऱ्या दिवशी पळालो, खोटं कशाला बोलू, न्हाणीघरात शिरून कडी लावली आणि हा बाहेर फेऱ्या मारतोय, आणि तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. चौथ्या दिवशी खालच्या वाडीतले अण्णा आले, त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्यात, ते म्हणाले पळायचं नाय, मारायचं पण नाय, आणि त्याला पाठ दाखवायची नाय. तो तिरका यायला लागला की आपण त्याच्याच दिशेने सावकाश चालायचं, डबा किंवा बादली पायापुढे धरायची, आणि तो मान खाली घालून दाणे टिपायला लागेपर्यंत जागा सोडायची नाही. शृंगारतळीला जाऊन गमबूट आणले आणि सुरू केलं. पहिल्या दिवशी बुटावर अकरा वेळा आपटला. मोजले मी. पाचव्या दिवशी दोनदा. आता मला बघून जरा बाजूला होतो, मधेच जमिनीवर उगाच चोच आपटून दाखवतो पण येत नाही.

काटे पण घासले. रात्री केलं ते, अंधारात कोंबड्याला धड दिसत नाही, दांडीवरून गुमान उचलता येतो, दिवसा त्याच्यामागे पळून आपली शोभा होते. अण्णांनी काखेत धरला, डोक्यावर फडकं टाकलं, आणि मी कानशीने फक्त टोकं गोल केली. मुळापासून कापायचे नसतात, आत हाडाचा गाभा असतो आणि रक्त थांबत नाही. काखेत त्याचं काळीज कसं धडधडत होतं ते हाताला लागत होतं, त्या दहा मिनिटात मला त्याची दया आली हे कबूल करतो.

आणि त्याचे गुण नाहीत असं मी म्हणत नाही. परवा फणसाखालचं कुजकं लाकूड मी उलटवलं, खाली वाळवी, तर हा एक किडा उचलतोय, खाली टाकतोय, परत उचलतोय आणि कुट कुट करून कोंबड्यांना बोलावतोय, स्वतः खात नाही. सगळ्या येऊन खाऊन गेल्या मग उरलंसुरलं याने टिपलं. घार फिरली की एक आवाज, कुत्रा आला की दुसरा, आणि कोंबड्या त्याप्रमाणे झुडपात शिरतात किंवा माना वर करून बघतात. दुसरा तांबडा कोंबडा गटारीला गेला ते पण बरंच झालं, एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या लागतात, आपल्या सातच आणि त्यांच्यावर हे दोघे, पाठी सोललेल्या बिचाऱ्यांच्या. आता पिसं परत येतायत.

पण मला वचकतो म्हणून तुम्हाला वचकेल असं नाही. माणूस बरोबर ओळखतो तो. आई, तुला बघितल्यावर परत पहिल्यापासून सुरू करणार. आणि बाबा, तुमची शुगर आहे, वर रक्त पातळ व्हायची गोळी चालू, तुम्हाला हीच जखम झाली तर महिनाभर चिघळेल, आणि पावसात चिऱ्यावरून पाय सटकून पडलात तर काट्याचं राहिलं बाजूला. त्यामुळे मी तुम्हाला न विचारता एक काम केलंय. फणसापासून गडग्यापर्यंत बांबू रोवून सहा फूट उंच जाळी मारली, वरून अण्णांकडचं जुनं मासेमारीचं जाळं टाकलं, घारीचा पण प्रश्न सुटला. बाळू आणि कोंबड्या दिवसभर त्यात. खुराड्याला मागून, न्हाणीच्या बाजूने, छोटी झडप केलीये, अंडी तिथून हात घालून काढायची, आत जायचं कामच नाही. संध्याकाळी हवं तर फक्त कोंबड्या बाहेर सोडा. वरच्या घरातला छोटा आपल्या अंगणात खेळायला येतो, त्याच्या तोंडाच्या उंचीवर येते बाळूची उडी, म्हणून बाळू सुटा फिरता कामा नये. ह्यात सूट नाही.

ठिपक्यांची कोंबडी खुडूक झालीये. तिच्याखाली आपली अंडी ठेवली नाहीत, वहिनीकडून नऊ आणली, त्यांचा कोंबडा शांत आहे, पोरं शेपटी ओढतात तरी काही करत नाही. हा स्वभाव पुढे उतरतो म्हणतात आणि मला दुसरा बाळू नकोय. पाच दिवस झाले, अजून सोळा, म्हणजे तुम्ही गणपतीला याल तेव्हा पिल्लं असतील. आई, एखादं एकटं पडलं तरी मांडीवर घ्यायचं नाही, अण्णांकडे आत्ताच सांगून ठेवलंय, त्यांच्या कोंबडीखाली सोडायचं.

बाबा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीये. आता श्रावण आहे, नंतर गणपती, पण आपल्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि तुमची नजर तिथेच असणार. माझं म्हणणं एवढंच की जाळीतून कुणाला त्रास नसेल तर राहू दे. पण जाळी असूनही एकदा जरी कुणाला लागलं तर मग मी मधे पडणार नाही, आणि आईने पण पडायचं नाही. आई, हे आत्ताच कबूल कर, ताईसमोर.

आणि इतर काही करवंदीचे काटे असतील तर ते पण आत्ताच सांगून टाका. मी ओरडणार नाही. थोडा ओरडेन.

चिपळूणला गाडीवर मी येतो घ्यायला, एसटीच्या भानगडीत पडू नका. ताई, आईच्या पावलाचं माप कागदावर काढून फोटो पाठव, तिच्यासाठी गमबूट पाच नंबरचे आणलेत ते मला मोठे वाटतायत, दुकानदार बदलून देतो म्हणालाय.

तुमचा,
दादू

ता. क. ते सूप टाकलेलं नाही. तांदूळ पाखडायला मात्र नवीन आणलंय.