चूक वकिलाची, मुदत हुकली कैद्याची

प्रति,
माननीय अध्यक्ष,
न्यायविषयक समिती, अमेरिकी सिनेट, वॉशिंग्टन

महोदय,

राज्याच्या कोर्टांत सगळीकडे नकार मिळाला की कैद्याच्या हाती फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातली हेबियस कॉर्पस याचिका (आपली कैद बेकायदा आहे असे सांगणारा अर्ज) उरते. 1996 पर्यंत तिला ठरावीक मुदत नव्हती. ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याने ती एका वर्षावर आणली, आणि दहशतवादाशी काडीचाही संबंध नसलेले कैदीही त्यात आले.

फ्लोरिडातल्या हॉलंड खटल्यात काय घडले ते आपण जरूर वाचावे. मृत्युदंडाचा कैदी, वकील राज्याने नेमून दिलेला. राज्याच्या कोर्टात फेरविचाराचा अर्ज चालू असेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. पण वकिलाने तो अर्ज केला तेव्हाच वर्षातले फक्त 12 दिवस उरले होते. कैदी पत्रामागून पत्र लिहीत राहिला, मुदत चुकवू नका म्हणून विनवत राहिला. वकील बदलून मागितला, तर तुम्हाला वकील असताना तुमचा स्वतःचा अर्ज चालणार नाही, असे उत्तर मिळाले. जानेवारी 2006 मध्ये तुरुंगाच्या वाचनालयात त्याला समजले की राज्याचा निकाल केव्हाच लागला आहे आणि मुदतही टळून गेली आहे. त्याने स्वतःच याचिका लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकली. फेडरल जिल्हा कोर्टाने आणि अपील कोर्टाने ती उशिराची ठरवली.

2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्यासाठी वाट मोकळी केली, पण अरुंद. वकिलाने तारखेचा हिशेब चुकवला, एवढे कारण पुरेसे नाही, असेही त्याच निकालात आहे. मग तसल्या चुकीपायी ज्यांची याचिका गेली, त्यांनी कुठे जायचे? मृत्युदंड नसलेल्या बहुतेक कैद्यांना तर वकीलही मिळत नाही. तेच कायदा वाचतात, तेच दिवस मोजतात.

भारतात मुदत कायद्याच्या कलम 5 नुसार पुरेसे कारण दाखवले तर अपिलाचा विलंब न्यायाधीश माफ करू शकतात. तेवढाच अधिकार आपल्या न्यायाधीशांना द्या. राज्याचा अंतिम आदेश कैद्याच्या हातात पडेपर्यंतचे दिवस मोजू नका.

खटला कधीतरी संपावा, ही पीडितांच्या कुटुंबांची मागणी रास्त आहे. पण विलंब माफ झाल्याने कोणी सुटत नाही. त्याचे म्हणणे ऐकले जाते, इतकेच. एका वर्षाची ही मुदत घालणाऱ्या कलम 2244 मधली ही दुरुस्ती याच अधिवेशनात समितीपुढे घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक मराठीभाषक अमेरिकन नागरिक