धुक्यातल्या सूर्याला राखाडी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या सकाळचे वाचकांनी काढलेले फोटो येतात, ते मी नेमाने पाहते. वाईत आमचा स्टुडिओ होता, आता मी मुलांना फोटोग्राफी शिकवते, त्यामुळे त्या पानावर माझी नजर जास्तच रेंगाळते. अलीकडे छापलेल्या धुक्याच्या बहुतेक फोटोंत सूर्याच्या जागी राखाडी टिकली आहे आणि धुके मळकट दिसते आहे. हे काढणाऱ्यांच्या हौसेला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. शिकवणारे आणि निवडणारे आपण सगळे त्यांना चुकीच्या गोष्टीची भीती घालतो आहोत, म्हणून लिहिते.

‘हायलाइट्स जळू देऊ नका’, म्हणजे फोटोतले सर्वांत उजळ भाग कोरे पांढरे होऊ देऊ नका, हा नियम मुलांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकू लागला की ती बावरतात. मध्यंतरी एका स्थानिक स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीचा फोटो ‘सूर्य बर्न झाला आहे’ एवढ्या शेऱ्यावर बाद झाला. पाचगणीच्या कड्यावरून घेतलेला तो फोटो माझ्यासमोर आहे. कृष्णेचे खोरे काठोकाठ धुक्याने भरलेले, वाई त्याखाली गडप, पलीकडच्या डोंगरांच्या धारा एकामागे एक फिकट होत गेलेल्या. पुढे वाळलेले गवत, त्याच्या टोकांवर दव. सूर्य डोंगररेषेच्या बोटभर वर आला आहे. बिंब पांढरेशुभ्र, त्याला लागून फिकट पिवळा, मग केशरी, मग धुक्यात कधी मिसळला ते कळू न देणारा गुलाबी. जळाले आहे ते फक्त बिंब. डोळे दिपवणारा सूर्य कागदावर आणखी कोणत्या रंगाचा दाखवायचा?

परीक्षकांना हवा होता तसा ‘सुधारलेला’ फोटो आम्ही वर्गात मुद्दाम करून पाहिला. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला, उजळ भाग दबवणारा हायलाइट्सचा स्लायडर उणे शंभरपर्यंत ओढला. बिंब राखाडी झाले, कडेला कडक पिवळे कडे आले आणि मुख्य म्हणजे सगळे धुके सपाट झाले. याचे कारण साधे आहे. सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग कमाल मर्यादेला टेकले की त्या जागी माहिती उरतच नाही. सॉफ्टवेअर तिथे नुसता राखाडी रंग भरते. सूर्योदयाला आधी टेकतो तो लाल. तो अडकतो, हिरवा मागून वाढत राहतो आणि केशरीचा पिवळा होतो. म्हणून मी मुलांना एकत्रित हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत कुठला उजेड किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर, विसंबू देत नाही, तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहायला लावते. निगेटिव्ह फिल्मवर सूर्याभोवतीचा उजेड आपोआप हळूहळू विरत जायचा. डिजिटलमध्ये तो भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो, त्यामुळे ती उतरण आपल्याला जपावी लागते. बिंब गेले तरी चालेल, त्याच्या भोवतीची उतरण जाता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

धुक्याचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. रात्री डोंगरउतारावरची गार हवा खोऱ्यात उतरून साचते. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, वाई ७०० च्या आसपास. खाली गारठा आणि वर त्यामानाने ऊब, त्यामुळे धुके झाकण घातल्यासारखे खाली अडकून राहते. त्यातले पाण्याचे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसते. आणि ते प्रकाश सर्वांत जास्त पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून सूर्याकडे तोंड केले की त्याच्या आसपासचे धुके आतून पेटल्यासारखे उजळते. या चित्रात धुके हीच हायलाइट आहे. तो स्लायडर ओढला की सूर्याआधी धुके मरते. त्यावर ‘डीहेज’ हे धूसरपणा काढणारे साधन चढवले तर काय होते ते आपल्या पानावर दिसतेच: मागच्या डोंगरांच्या कडा पुढच्याइतक्याच काळ्या होतात आणि अंतर नाहीसे होते. ज्या धुक्यासाठी माणूस अंधारात घाट चढून गेला, तेच पुसून टाकायचे हे मला बघवत नाही.

मी शिकवते ते असे. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच, घ्यायचा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४, आणि त्यातल्या निम्म्या सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) असतात. धुक्याच्या चित्राला नेमक्या त्याच लागतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, इतकेच ठेवायचे की बिंबाशिवाय काही लुकलुकणार नाही. नुसते धुके असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला करडे समजून फोटो गडद करतो, तिथे उलट पाऊण-एक स्टॉप वाढवावा लागतो. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडून एक करण्याच्या, म्हणजे एचडीआरच्या, मी विरुद्ध आहे, कारण धुके चालते असते. जोडताना त्याच्या दुहेरी कडा येतात. संगणकावर आधी एकूण एक्स्पोजर किंचित कमी करायचे, हायलाइट्स उणे वीस-तीसच्या पुढे ओढायच्या नाहीत, मग ऑल्ट की दाबून व्हाइट्स (सर्वांत पांढऱ्या टोकाचा स्लायडर) वाढवायचे आणि काळ्या स्क्रीनवर फक्त बिंब उमटू लागले की थांबायचे. कड अजूनही बोचत असेल तर सूर्याभोवती गोल मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) घेऊन त्यात डीहेज थोडे उणे करावे. पुढचे गवत उजळायच्या फंदात पडू नये. सूर्य समोर असताना ते काळसरच दिसते.

याला एक अपवाद मी मानते. धुके इतके दाट असेल की सूर्य तांबड्या थाळीसारखा मंद दिसतो आहे, तर ते बिंब जळता कामा नये. तिथे रंग डोळ्यांना दिसलेला असतो, तो फोटोतही यायलाच हवा. स्पर्धेच्या परीक्षकांनी हा फरक करावा, सरसकट नियम लावू नये.

आता आपल्याकडे दोन मागण्या. वर्तमानपत्राचा कागद मुळातच पांढराशुभ्र नसतो आणि शाई पसरून मधल्या छटा आणखी गडद होतात. त्यामुळे स्क्रीनवर जरासे करडे वाटणारे धुके छापून आल्यावर धूर होते. हे फोटो छपाईसाठी तयार करताना आपल्या कलाविभागाने धुके थोडे उजळ ठेवावे, आणि सूर्याची ‘दुरुस्ती’ काढणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नये. दुसरे असे की फोटो व्हॉट्सॲपवर मागवणे बंद करून ईमेलवर मूळ आकाराची फाइल मागवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि सूर्याभोवतीच्या त्या मऊ उतरणीच्या जागी पट्ट्या पडतात; मग कुणी कितीही जपून काम केलेले असो, ते पानापर्यंत पोहोचत नाही. फोटोखाली काढणाऱ्याने वेळ, ठिकाण आणि संपादनात काय केले ते दोन ओळींत लिहावे, अशी अट घातलीत तर माझ्या वर्गातली मुले ते आनंदाने लिहितील.

आपली एक वाचक,
वाई, जि. सातारा